मैदानाच्या कडेची रेंगी

गणपतभाऊ आमच्या नागपूरच्या घरी आले तेव्हा त्यांच्या हातात शिंगाड्यांची पिशवी होती. भाद्रपद संपत आला होता. त्यांनी पिशवी दाराशी टेकवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "यंदा तलावात शिंगाडा मस्त आला." बाबांनी पावसाचं विचारलं. वैनगंगेला पूर होता, पवनीकडचा रस्ता बंद होता, तार करायला गेलेला माणूस अर्ध्यातून परत आला, असं ते सांगत राहिले. तार कशाची, हे बाबांनी विचारलं नाही. आईने चहा आणला. अर्धा चहा झाल्यावर गणपतभाऊंनी कप खाली ठेवला. "सदुभाऊ गेला जी... परवा. छातीत कफ भरला होता. नदीपलीकडे नेताच नाई आलं." मी दारात उभी होते. मला रडू यायच्या आधी वाटलं की हे सगळं काकाने ऐकायला हवं होतं. आधी शिंगाडे, मग पाऊस, मग रस्ता, मग चहा, आणि सगळ्यात खाली, पिशवीच्या तळाशी ठेवावं तसं, खरं सांगायचं होतं ते. काकाने हे जसंच्या तसं नाटकात घातलं असतं. आणि त्याआधी गणपतभाऊंना विचारलं असतं, "पयले शिंगाडे काहून सांगितले?"

सदाशिव हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आसगावला आमची धानाची शेती आहे. ती मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, असेपर्यंत ते आणि त्यांच्यानंतर त्यांची बायको, मोठी आई, पाहत आली. काका शेतात जायचा, पण त्याच्याकडून कामाची अपेक्षा कुणी ठेवत नसे. तो नाटकं लिहायचा. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, दिवाळी झाली, धान कापणीला आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा आणि मग नाटक. शेतात किंवा शाळेच्या मैदानात मंच उभा राहतो, आसपासच्या गावांतून बैलगाड्या भरून माणसं येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीसुद्धा तिथेच ठरतात. गणपतभाऊंची मंडळी अशा नाटकांसाठी नावाजलेली होती. ते स्वतः धानाचे व्यापारी, आणि नाटकाचं वेड असलेले. काकाने लिहिलेली नाटकं त्यांनीच केली. 'उंबऱ्यावरची पाहुणी' हे त्यातलं सगळ्यात चाललेलं. ज्या गावात ते एकदा झालं, तिथून पुढल्या मंडईला पुन्हा सुपारी यायची.

लहानपणी मला काका इतर मोठ्या माणसांपेक्षा सोपा वाटायचा. तो गाल ओढत नसे, "कितवीत आहेस?" विचारत नसे, आणि बोलताना तोंडाकडे पाहत नसे. मलाही कुणी तोंडाकडे पाहिलं की शब्द सापडत नसत. त्याला भात आणि वरण वेगवेगळ्या ताटांत लागायचं, दोन्ही एकमेकांना शिवलेलं चालायचं नाही. मोठी आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या घरी एकाच माणसाचे दोन पाहुणचार असतात." वाळलेल्या कापडाचा खरखरीतपणा त्याला सहन होत नसे, म्हणून त्याचं बंडीचं कापड मऊ पडेपर्यंत मोठी आई आधी स्वतः पोतेऱ्यासारखं घासून काढायची. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, कुणी अचानक पाठीवर हात ठेवला, की तो कान दुपट्ट्यात गुंडाळून कोपऱ्यात बसायचा. आणि खोटं त्याला जमायचंच नाही. एकदा पवनीचे एक पाहुणे आपल्या मुलाच्या नोकरीची गोष्ट सांगत होते. काका भिंतीकडे पाहत म्हणाला, "मांगच्या बारीले पगार कमी सांगितला होता तुमी." पाहुणे जेवण अर्धं टाकून उठले. मोठी आई त्यांच्या मागे धावली आणि परत येऊन म्हणाली, "अरे बाबा, एखाद्या बारीले तरी इसरत जा!" काकाने विचारलं, "कसं इसरतात?" तो खरंच विचारत होता.

गावात काही जण त्याला येडा म्हणायचे. तोंडावर नाही, पण मोठ्या आईच्या कानावर जाईल अशा बेताने. आणि याच माणसाला माणसांच्या बोलण्याची अशी नस कशी सापडली, हे पहिल्या नाटकापासून सगळ्यांना कोडं होतं. मला ते कोडं नव्हतं, कारण सुट्टीत मी त्याच्या मागे मागे असायची. तो चहाच्या टपरीत कधी बसला नाही, टपरीच्या मागच्या कुडाला टेकून बसायचा. तलावाच्या पाळीवर, धुणं धुणाऱ्या बाया दिसणार नाहीत पण ऐकू येतील अशा जागी. समोर माणूस असला की त्याचे डोळे, हात, वास, आवाज सगळं एकदम अंगावर यायचं आणि काकाला काहीच कळेनासं व्हायचं. मध्ये कूड असला की फक्त बोलणं उरायचं. ते तो घरी घेऊन यायचा, आणि महिनोन् महिने शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, चालताना तेच ते पुटपुटत राहायचा. लोकांना तो स्वतःशी बोलतो असं वाटायचं. तो स्वतःशी बोलत नव्हता, त्यांच्याच बोलण्याची उजळणी करत होता.

नाटक कागदावर उतरवायची वेळ आली की त्याला लेखनिक लागायचा. स्वतः लिहायला बसला तर एकेक अक्षर शेजारच्या अक्षराएवढं होईपर्यंत तो पुढे सरकत नसे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते, माझं मराठी अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं, तरी त्याने मला निवडलं. "इले बोलवा. हे मान वर करत नाई," असं तो मोठ्या आईला म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मी त्याच्या मागे, त्याच्या पाठीकडे पाहत. तो सगळ्या पात्रांचं बोलणं एकाच सपाट आवाजात सांगायचा. बाई असो, सावकार असो, पोर असो, आवाज तोच. मधे थांबला की मी पण थांबायची. मग तो म्हणायचा, "टिंब दे." थोडं थांबणं असलं की थोडी टिंबं, जास्त असलं की ओळभर. माझं मराठी असं तयार झालं, शाळेत नाही, त्या पाठीमागे बसून. मी वाचून दाखवताना जरा रंग भरायला गेले की तो म्हणायचा, "नाटक नोको करू. वाच." नाटकच लिहिणारा माणूस असं म्हणतो याचं मला हसू यायचं, पण मी हसत नसे.

त्याचा नियम एकच होता. जे कुणी कधी बोललंच नाही ते लिहायचं नाही. मी एकदा, मोठ्या धीराने, 'उंबऱ्यावरची पाहुणी'च्या शेवटच्या प्रवेशात एक वाक्य सुचवलं. घर सोडून निघालेली मुलगी आईला म्हणते, तुझ्या मायेची सावली माझ्यावर राहू दे, असं काहीतरी. त्याने बराच वेळ विचार केला. "हे कोन बोललं?" मी म्हटलं, "कुणीच नाही. मी बनवलं." "मंग तिले कसं येईल?" तो म्हणाला. रागाने नाही. खरोखर काळजीने, जणू त्या मुलीवर न येणारं वाक्य म्हणायची पाळी येणार होती. त्या जागी त्याने जे लिहायला सांगितलं ते फक्त इतकंच होतं, "जातो मी, माय." आमच्याकडे बायाही 'जातो' म्हणतात, पण निघताना नाही. निघताना सगळेच 'येतो' म्हणतात. निघणारा 'जातो' म्हणाला तर म्हातारी माणसं त्याला परत बसवतात, पाणी पाजतात आणि मग 'येतो' म्हणायला लावून सोडतात. त्या मुलीला नाटकात कुणी परत बसवत नाही. "आता टिंब दे," काका म्हणाला. मी दिली. "आनखी दे." मी ओळ भरून टाकली. पुढे त्या जागी अख्खं मैदान श्वास धरून बसायचं, आणि मग कुठेतरी मागून एखादी म्हातारी रडू लागायची.

हे सगळं काकाने पाहिलं नाही. स्वतःचं एकही नाटक त्याने पाहिलं नव्हतं. भोंग्याचा आवाज, गॅसबत्त्यांचा झगमगाट, गर्दीचा धक्का, यातलं काहीच त्याला चाललं नसतं. म्हणून गणपतभाऊंनी त्याच्यासाठी एक व्यवस्था केली होती. मैदानाच्या दूरच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, एक रेंगी उभी करायची. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. तिच्यात ताजी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायची आणि तोंड मंचाच्या उलट दिशेला ठेवायचं. काका तिच्यात मैदानाकडे पाठ करून बसायचा आणि तिथवर पोहोचेल तेवढं नाटक ऐकायचा. तालमीतही हेच. तालमी शाळेच्या मैदानात, भोंग्याविना व्हायच्या, आणि रेंगीपर्यंत पोहोचलं नाही ते वाक्य पुन्हा करावं लागायचं. गणपतभाऊ मैदान ओलांडून येत, चाकाला टेकत आणि विचारत, "आयकू आलं का जी?" काका पाठ न वळवता सांगायचा, "सावकाराचं आलं. बुढ्याचं नाई आलं." "मंग पुन्हा करतो," म्हणत गणपतभाऊ परत जात. नटमंडळी कुरकुरायची. "भाऊ, तिथवर आयकू जाले आमी काय बैल हाव का?" असं एक जण म्हणाल्याचं मला आठवतं. पण पुन्हा करायचे. पाठ करून बसलेला तो माणूस चुकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

मी नववीत होते त्या वर्षी गणपतभाऊंनी काकाचा सत्कार करायचं ठरवलं. मनापासून. ज्याच्या जिवावर मंडळी एवढी नावारूपाला आली त्याला गावाने ओळखावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मोठ्या आईच्या मनात त्याहून जास्त होतं. "ज्या तोंडांनी माह्या देराले येडं म्हटलं, त्याईच्या डोळ्यादेखत मले याच्या अंगावर शाल पाहाची हाय," ती म्हणाली. मी बाबांजवळ हळूच म्हटलं की काकाला आवडणार नाही. ते गणपतभाऊंच्या कानावर गेलं, आणि ते मोठ्याने हसले. "अवं पोरी, सत्कार कोनाले आवडत नाई?" सगळेच हसले, बाबासुद्धा. काकाला विचारलं तेव्हा गणपतभाऊ म्हणाले, "फक्त एक मिनिट उभा राह्य जी. एकच मिनिट." काकाने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. एक मिनिट त्याला जमण्यासारखं होतं. आता वाटतं, तेवढ्या बोलीवरच तो उभा राहिला होता.

दिवस मावळता मावळता, नाटक सुरू व्हायच्या आधी, त्याला मंचावर नेलं. नवा कडक सदरा. मी बायांच्या बाजूला पुढेच बसले होते. भोंगा शिटी मारल्यासारखा किंचाळला. पंचायत समितीच्या पाहुण्यांनी भाषण सुरू केलं आणि ते संपेना. काका दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा होता, ओठ हलत होते. तो सेकंद मोजतो आहे हे मला कळत होतं. मग कुणीतरी मागून येऊन एकदम त्याच्या खांद्यांवर शाल टाकली, नारळ हातात कोंबला, आणि एकामागून एक माणसं त्याला मिठी मारू लागली. काका मोठ्याने म्हणाला, "मिनिट झाला." ते भोंग्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मैदान हसलं. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. आपल्या माणसावर हसावं तसं हसले. काकाने नारळ टाकला, कान झाकले आणि खाली बसला. लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच विनोद आहे. हसू वाढलं, टाळ्या पडल्या, शिट्ट्या आल्या. तो मंचाच्या मागच्या बाजूने पडदा फाडून निघून गेला. शाल तिथेच पडली होती. सकाळी तो तलावाच्या पाळीवर सापडला, कानांत चिखल भरून.

त्यानंतर त्याने नाटक लिहिलं नाही. पहिलं वर्ष सगळे म्हणाले, थकला असेल. दुसऱ्या वर्षी गणपतभाऊ स्वतः येऊन बसले, आणि मीच काय ती मान वर न करणारी म्हणून मला नागपूरहून बोलावून घेतलं. कागद घेऊन मी त्याच्या पाठीमागे बसले. सकाळ गेली. शेवटी तो म्हणाला, "आयकूच नाई येऊन राह्यलं." मला वाटलं कानाला काही झालं. "कान बरे हायेत," तो म्हणाला. "मी त्याईले बोलाले लावतो. थे तोंड उघडतात अना बोलन्याच्या जागी हासणं येते. मैदानभर हासणं." थोड्या वेळाने म्हणाला, "तू जाय. कागद वाया जाऊन राह्यले." मी गेले नाही, जेवणवेळेपर्यंत बसून राहिले. पण टिंब दे, असंही तो म्हणाला नाही.

पुढे कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं. एका इंग्रजी पुस्तकात ऑटिझम नावाच्या गोष्टीवर काही पानं होती. आवाज, स्पर्श, ठरलेली ताटं, शब्दाला शब्द धरणं. वाचताना काका डोळ्यांसमोर आला, आणि आणखी थोडं वाचल्यावर दुसरंही कुणीतरी आलं, मान वर न करणारं. मी पुस्तक मिटलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या पानांत सगळी लहान मुलंच होती, ती मोठी होऊन काय करतात ते लिहिलेलं नव्हतं. नाटकं लिहितात असं तर कुठेच नव्हतं. अशा मुलांना माणसांत रस नसतो, असं मात्र होतं. मी त्या वाक्यापाशी खूप वेळ थांबले होते. माझा काका माणसांकडे पाठ करून आयुष्यभर माणसंच ऐकत होता, त्यांच्यावाचून त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. हा शब्द त्याला बसतो की नाही, मला ठरवता येत नाही. त्याला सांगितला असता तर त्याने विचारलं असतं, "हे कोन बोललं?" मी सांगितला नाही. सांगून त्याला बरं वाटलं असतं की आणखी एक शाल अंगावर पडल्यासारखं झालं असतं, कोण जाणे. तो शब्द आमच्या घरात आधी आला असता, तर कदाचित माझ्या "आवडणार नाही" ला कुणी हसलं नसतं. एवढंच वाटतं.

गेल्या काही वर्षांत गोसीखुर्दच्या धरणाची बोलणी सुरू झाली. कुणाची शेती जाणार, कुणाचं गाव उठणार, टपरीवर दुसरं बोलणंच नव्हतं. माणसं एकाच वाक्यात धरणाला शिव्या द्यायची आणि मोबदल्याचा भावही काढायची. मोठी आई सांगते, काका पुन्हा टपरीच्या कुडामागे जाऊन बसू लागला होता. पण लवकर परत यायचा, धुऱ्यावर फिरायचा नाही, पुटपुटायचा नाही. घर सोडायची पाळी आलेली माणसं काय बोलतात आणि काय गिळतात, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी ऐकलं नसतं. ते नाटक आता होणार नाही. गावं उठतील तेव्हा त्यांचं बोलणंही त्यांच्याबरोबर उठेल.

काकाच्या दिवसकार्याच्या वेळी मोठी आई मला म्हणाली, "थे 'जातो मी, माय' कोनाचं होतं, माहीत हाय का तुले?" मला माहीत नव्हतं. "त्याच्या बहिणीचं. तुही आत्या. बाळंतपणाले घेऊन आले नाईत तिच्या सासरचे, तिकडंच बाळंतपणात गेली थे, मनून थेच तिचं शेवटचं जाणं. हा तवा एवढासा, कोठीमांगं लपून बसला होता. आमी कोनीच तिले परत बसवलं नाई... घाई होती गाडीची." मग ती म्हणाली, "माह्याच हट्टानं झाला थो सत्कार." गणपतभाऊ बाजूलाच बसले होते. "एकट्या तुमच्या नाई, वयनी," ते म्हणाले. "मी त्याले एक मिनिट म्हटलं होतं."

यंदा दिवाळीनंतर आसगावची मंडई भरली. सत्कारानंतर काका कधी मैदानाकडे फिरकला नव्हता, पण रेंगी मात्र गणपतभाऊंनी दर वर्षी उभी केली होती. तणस अंथरलेली, तोंड उलटं. मंडई उठली की न दबलेली तणस तशीच बैलांना घालायचे. या वर्षी त्यांनी श्रद्धांजली ठेवली, पण फोटो नाही, हार नाही, भाषण नाही. भर दुपारी, 'पाहुणी'चा शेवटचा प्रवेश, तोही भोंग्याविना. "त्याले भोंगा चालत नव्हता," एवढंच ते लोकांना म्हणाले, आणि मला म्हणाले, "पोरी, तू रेंगीत बैस." मी बसले, मैदानाकडे पाठ करून. समोर कापलेलं धान, बांध घातलेली एक बांधी, मोहाची सावली. मागून पिपाण्या, पाळण्याची करकर, जिलेबीवाल्याची हाळी ऐकू येत होती, आणि मग एकेक करून ते सगळं थांबलं. बोलणं सुरू झालं. म्हाताऱ्याचं आलं. भावाचं आलं. मुलीचं बोलणं येत येत वाऱ्याने मधेच कुठेतरी नेलं, आणि पुढची शांतताच तेवढी माझ्यापर्यंत पोहोचली.

थोड्या वेळाने खाली सांडलेल्या तणसीवर पावलं वाजली. गणपतभाऊ चाकाला टेकले. त्यांचा आवाज माझ्याकडे नव्हता, रेंगीच्या पाठीकडे होता. "आयकू आलं का जी?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाला तेवढं तरी द्यावं, असं क्षणभर वाटलं... "म्हाताऱ्याचं आलं," मी म्हटलं. "तिचं शेवटचं नाही आलं."

त्यांनी चाकावरचा टेका सोडला. मग म्हणाले, "मंग पुन्हा करतो," आणि मैदान ओलांडून परत गेले. मी मागे वळून पाहिलं नाही. ते मंचाजवळ काय बोलले ते कळलं नाही, पण पाळणा पुन्हा सुरू झाला नाही, पिपाणी वाजली नाही. एवढी सगळी माणसं, काका नसलेल्या रेंगीसाठी तोच प्रवेश पुन्हा करायचा म्हणून, जागच्या जागी बसून राहिली. कुणी हसलं नाही.

या वेळी आलं.